सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, सरोजिनी नगरात

सरोजिनी नगरला लोक कपड्यांसाठी येतात. 2024 च्या ऑक्टोबरात मी तिथे मुक्कामाला गेलो तो हॉकीसाठी. 23 आणि 24 ऑक्टोबरला इंडिया गेटजवळच्या मेजर ध्यानचंद नॅशनल स्टेडियमवर भारत आणि जर्मनीचे दोन सामने होते. दिल्लीला आंतरराष्ट्रीय हॉकी दहा वर्षांनी पाहायला मिळणार होती. शिवाय समोर होता तो संघ, ज्याने अडीच महिन्यांपूर्वी पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत आपल्याला 3-2 ने हरवून सुवर्णपदकाची वाट बंद केली होती. माझा आतेभाऊ केंद्र सरकारच्या नोकरीत आहे आणि त्याचं क्वार्टर सरोजिनी नगरात आहे. पुण्याहून निघायला एवढं पुरेसं होतं.

ही वसाहत मुळात सरकारी नोकरांची. जुनं नाव विनय नगर. शेजारी नौरोजी नगर, नेताजी नगर, लक्ष्मीबाई नगर, किदवई नगर अशा वसाहती एकीला एक लागून आहेत. मंत्रालयांत कारकून, सहायक, सेक्शन ऑफिसर म्हणून आलेल्या कितीतरी मराठी माणसांनी आपली उमेदीची वर्षं या क्वार्टरांत घालवली. 2024 मध्ये जुनी घरं पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत होत्या. 2018 मध्ये या कामासाठी झाडं तुटू लागली तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले आणि उच्च न्यायालयाने तोड थांबवली होती. आतेभावाच्या गल्लीत मोठी झाडं अजून उभी होती. एका बाजूला ती सावली आणि दुसऱ्या बाजूला क्रेनचा खडखडाट, असा तेव्हाचा देखावा.

दिवाळी आठवड्यावर आली होती. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. निर्यातीतून उरलेले शर्ट, जीन्स, स्वेटर यांचे ढीग, त्यांवर वाकलेल्या कॉलेजच्या मुली आणि ‘दो सौ, दो सौ’ अशी सारखी हाळी. पिंक लाइनचं मेट्रो स्थानक 2018 मध्ये झाल्यापासून दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण कॅम्पसमधली मुलं तास संपला की सरळ इथे येतात. याच बाजारात 29 ऑक्टोबर 2005 ला, अशाच दिवाळीच्या गर्दीत, बाँबस्फोट झाला होता. आतेभाऊ तेव्हा इथेच राहत होता. तो दिवाळीच्या आठवड्यात बाजारात जातो, पण फार वेळ थांबत नाही. लोक मात्र परत आले, दुकानं परत उघडली. ही वस्ती चिवट आहे.

वस्तीच्या शेजारीच हॉकीच्या इतिहासाची एक जागा आहे, तिच्याकडे क्वचितच कुणाचं लक्ष जातं. रिंग रोडच्या पलीकडे एम्स रुग्णालय आहे. 3 डिसेंबर 1979 ला तिथेच मेजर ध्यानचंद यांचं निधन झालं. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा हा मानकरी खेळणं थांबल्यावर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षक होता. ध्यानचंदांची स्टिक सगळ्यांना आठवते, त्यांनी शिकवण्यात घालवलेली वर्षं कुणी आठवत नाही. प्रशिक्षकाच्या नशिबी हेच असतं, आणि त्याच विषयावरच्या गप्पा मला त्या संध्याकाळी ऐकायला मिळाल्या.

बाजाराच्या तोंडाशी छोले-कुलच्याची गाडी होती. तिथे पाठीवर लांब किटबॅगा अडकवलेली पाच-सहा मुलंमुली उभी होती. बॅगेतून स्टिकचं टोक डोकावत होतं. मी विचारलं, ‘‘उद्या मॅचला?’’ आणि संभाषण सुरू झालं. ती एका कॉलेजची हॉकी खेळणारी मुलं होती. एक हरियाणाचा, एक झारखंडच्या सिमडेग्याची, एक मुलगी लेहची आणि एकाने माझी हिंदी ऐकून थेट मराठीतच विचारलं, ‘‘काका, कुठले तुम्ही? मी कोल्हापूरचा.’’

उद्याच्या सामन्याआधी त्यांच्या डोक्यात स्वतःचा सामना होता. पुढच्या महिन्यात उत्तर कॅम्पसमधल्या एका कॉलेजशी गाठ होती आणि मागच्या वर्षी त्याच कॉलेजाने यांना हरवलं होतं. त्यावरून सगळे आपल्या प्रशिक्षकांवर घसरले. सिमडेग्याच्या मुलीचं म्हणणं, सर बचावातच सगळी माणसं गुंतवतात, पुढे चेंडू मिळतच नाही. हरियाणाचा मुलगा तिच्यावर उखडला. त्याच्या मते मागच्या वर्षी हरलो ते बचाव कच्चा होता म्हणून. कोल्हापूरकर मधे पडला, ‘‘सर पहाटे साडेपाचला टर्फवर येऊन उभे राहतात. आपल्यातले निम्मे सहाला येतात. मग दोष कुणाचा?’’ यावर कुणी काही बोललं नाही. कुलच्यांची दुसरी फेरी आली.

मग कोल्हापूरकराने मला त्यांची अडचण समजावून सांगितली. हल्ली मोठ्या स्पर्धेतली हॉकी कृत्रिम टर्फवरच खेळतात. मातीच्या मैदानावर चेंडू उसळतो, टर्फवर तो जमिनीला चिकटून दुप्पट वेगाने येतो. मनगट, पावलं, श्वास, सगळंच वेगळं लागतं. पण प्रत्येक कॉलेजाकडे टर्फ नसतं. मग पाळी लावून, शहर ओलांडून, दुसऱ्याच्या मैदानावर तासभर सराव. ‘‘त्या एका तासात कोच काय शिकवणार आणि काय राहू देणार, हे ठरवणंच खरं कोचिंग आहे,’’ तो म्हणाला. वीस वर्षांच्या मुलाच्या तोंडून इतकं नेमकं वाक्य ऐकून मला त्याच्या सरांविषयी आदर वाटला.

तिथून गाडी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकावर आली. क्रेग फुल्टन दक्षिण आफ्रिकेचे. आयर्लंडचा संघ त्यांनी 2016 च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत नेला. टोकियोत सुवर्ण जिंकणाऱ्या बेल्जियमचे ते सहायक प्रशिक्षक होते. 2023 मध्ये ते भारताकडे आले. आधी गोल रोखायचा, मग जिंकायचं, हे त्यांचं सूत्र. सिमडेग्याच्या मुलीला ते पटत नव्हतं. ‘‘आपली हॉकी हल्ल्याची आहे. ड्रिबल, वेग, थेट डीमध्ये,’’ ती तावातावाने सांगत होती. हरियाणाच्या मुलाने बोटांवर मोजून दाखवलं : हांगचौ आशियाई स्पर्धेत सुवर्ण, अंतिम सामन्यात जपानवर 5-1, पॅरिसमध्ये स्पेनला 2-1 ने हरवून कांस्य. पॅरिसमध्येच ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी बचाव केला आणि शूटआउटमध्ये सामना काढला. ‘‘तो बचाव कुणी शिकवला?’’

माझं मत त्या मुलाच्या बाजूचं आहे. आपण प्रशिक्षकाला वेळच देत आलो नाही. 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने 32 वर्षांनी सुवर्ण जिंकलं. कर्णधार आपला खडकीचा धनराज पिल्ले आणि प्रशिक्षक एम. के. कौशिक. त्यानंतर काय झालं? धनराजसह काही खेळाडूंना संघातून वगळलं आणि कौशिकांनाही बाजूला केलं. 2002 च्या क्वालालंपूर विश्वचषकात मुंबईच्या सेड्रिक डिसूझांना स्पर्धा चालू असताना काढलं. 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिक तोंडावर आलं असताना राजिंदर सिंगांच्या जागी जर्मनीच्या गेरहार्ड राख यांना आणलं. 2008 मध्ये मुंबईच्याच जोकिम कार्व्हालोंच्या हाताखालचा संघ सँटियागोत ब्रिटनकडून 0-2 हरला आणि भारत ऑलिंपिकला पहिल्यांदाच मुकला. पुढे होजे ब्रासा, मायकेल नॉब्स, टेरी वॉल्श, पॉल व्हॅन आस, रोलँट ओल्टमन्स, शोर्ड मरिन, हरेंद्र सिंग अशी रांग लागली. संघ एका पद्धतीची सवय करून घेतो न घेतो तोच नवा माणूस नवी पद्धत घेऊन उभा. ग्रॅहम रीड 2019 मध्ये आले आणि टोकियोपर्यंत टिकले, तेव्हा 41 वर्षांनी पदक मिळालं. मला यात योगायोग दिसत नाही.

लेहची मुलगी आतापर्यंत ऐकत होती. ती कॉलेजात मैदानी हॉकी खेळते, पण तिचा पहिला खेळ बर्फावरची हॉकी. तिने मला तिथला हिवाळा सांगितला. तळी गोठली की गावंच्या गावं स्केट्स बांधून उतरतात. लेहमध्ये आइस हॉकीची सुरुवात सैनिकांनी केली आणि आजही लष्कर विरुद्ध आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) हा सामना असला की काठावर माणसांची भिंत उभी राहते. ‘‘तिथे प्रत्येक आजीला ठाऊक असतं कोणता गोली चांगला आहे,’’ ती म्हणाली. परदेशातून प्रशिक्षक हिवाळ्यात काही आठवड्यांसाठी येतात, शिकवतात आणि बर्फ वितळायच्या आत परत जातात. उरलेलं वर्ष मुलं एकमेकांनाच शिकवतात. भारताच्या महिला संघाने 2016 मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली आणि 2017 मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला 4-3 ने हरवून पहिला विजय मिळवला. त्या मुली बहुतेक लडाखच्या. हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता.

अमेरिकेत हाच बर्फावरचा खेळ कॉलेजांच्या चुरशीवरही जगतो. बॉस्टनमध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटी, बॉस्टन कॉलेज, हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न या चार विद्यापीठांची ‘बीनपॉट’ नावाची स्पर्धा 1952 पासून चालू आहे. फेब्रुवारीतल्या दोन सोमवारी सगळं शहर दोन-दोन गटांत वाटलं जातं. विद्यार्थी आपापल्या बँडसह गॅलरीत येतात आणि आपल्या प्रशिक्षकाने कुणाला कधी उतरवलं यावर आठवडाभर वाद घालतात. मी हे सांगितल्यावर कोल्हापूरकर हसून म्हणाला, ‘‘मग आमचं कोल्हापूर काय कमी आहे? शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिसची फुटबॉल मॅच लागू दे, पेठांत दुसरा विषय नसतोय. पोरगं बोलायला शिकायच्या आधी कुठल्या तालमीचं ते ठरलेलं असतंय.’’ मग थोडा थांबून म्हणाला, ‘‘इथं आमच्या मॅचला मात्र खेळणारे बावीस आणि बघणारे दहा.’’

हे ऐकून वाईट वाटलं. कॉलेजात हजारो मुलं शिकतात, त्यांतली शंभर जरी मैदानाच्या कडेला उभी राहिली तरी त्या पहाटे साडेपाचच्या सरावाला अर्थ येईल.

दुसऱ्या दिवशी दिल्लीची हवा धुरकट होती. डोळे चुरचुरत होते. मेट्रोने आयएनएला उतरून पिवळी लाइन, सेंट्रल सेक्रेटेरिएटला व्हायोलेट लाइन आणि खान मार्केटपासून पायी. नॅशनल स्टेडियम इंडिया गेटच्या रेषेत येतं. 1933 मध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून ते उभं राहिलं, तेव्हा नाव होतं आयर्विन अँफिथिएटर. मार्च 1951 मध्ये पहिल्या आशियाई स्पर्धा इथेच भरल्या. 2002 मध्ये त्याला ध्यानचंदांचं नाव मिळालं.

याच मैदानाने भारतीय हॉकीचा सगळ्यात जड दिवसही पाहिला. 1 डिसेंबर 1982, आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना. पाकिस्तानने भारताला 7-1 ने हरवलं. सगळा राग गोलरक्षक मीर रंजन नेगींवर निघाला, त्यांच्या देशनिष्ठेवर शंका घेतली गेली. त्याच स्पर्धेत महिलांनी सुवर्ण जिंकलं होतं आणि त्या संघाची कर्णधार पुण्याची एलिझा नेल्सन होती. पराभवाचा आकडा चार दशकं तोंडपाठ राहिला, एलिझाचं नाव मात्र पुण्यातही फारसं कुणाला सांगता येत नाही. नेगी सोळा वर्षांनी परत आले : बँकॉकच्या सुवर्णविजेत्या संघाचे गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणून. ज्या जागेवर ते मोडले होते, तीच जागा त्यांनी दुसऱ्यांना शिकवली.

भारत-जर्मनी चुरसही आजची नाही. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकआधीच्या सराव सामन्यात जर्मनीने ध्यानचंदांच्या संघाला 4-1 ने हरवलं होतं. महिन्याभरातच, 15 ऑगस्टला, अंतिम सामन्यात भारताने 8-1 असं उत्तर दिलं. 2021 मध्ये टोकियोत कांस्यपदकासाठी 5-4. मग पॅरिस. या सगळ्याचं ओझं घेऊन खेळाडू टर्फवर आले.

पहिला सामना आपण 0-2 हरलो. चौथ्याच मिनिटाला जर्मनीच्या मर्टगेन्सने गोल केला, मध्यंतराच्या शिट्टीला विंडफेडरने दुसरा. आपले पेनल्टी कॉर्नर वाया गेले, कर्णधार हरमनप्रीतचा पेनल्टी स्ट्रोकही चुकला. कॉलेजची मुलं माझ्या दोन रांगा पुढे बसली होती. सिमडेग्याची मुलगी वळून माझ्याकडे बघायची आणि हात उडवायची. तिच्या म्हणण्याला आज बळ मिळालं होतं.

24 तारखेला मध्यंतरापर्यंत पुन्हा 0-1. आणि मग तिसऱ्या सत्रात काहीतरी सुटलं. 34व्या मिनिटाला सुखजीतने बरोबरी केली. 42 आणि 43व्या मिनिटाला हरमनप्रीतचे लागोपाठ दोन गोल, 45व्याला अभिषेक, 48व्याला पुन्हा सुखजीत. चौदा मिनिटांत पाच गोल, तेही विश्वविजेत्या जर्मनीवर. गॅलरी उभी राहिली. लेहची मुलगी रेलिंगला धरून ओरडत होती. जर्मनीने शेवटी दोन गोल परत केले आणि सामना 5-3 ने आपला झाला. मालिका बरोबरीत सुटली म्हणून शूटआउट घेतला, त्यात जर्मनी 3-1 ने जिंकली. आपला एकमेव गोल महाराष्ट्राच्या आदित्य लालगेचा. नवखा मुलगा, एवढ्या गर्दीसमोर आठ सेकंदांचं घड्याळ आणि समोर जर्मन गोलरक्षक. कोल्हापूरकराने माझ्या दिशेने मूठ उंचावली.

मला त्या पाच गोलांत मुलांच्या वादाचं उत्तर दिसलं. फुल्टन यांनी बचावाची शिस्त मोडली नव्हती. चेंडू वरच अडवला जात होता, जर्मनीच्या हातून तो त्यांच्याच अर्ध्यात निसटत होता आणि तिथून हल्ला दोन पासांत डीमध्ये, गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, पोचत होता. बचाव आणि हल्ला ही दोन वेगळी घरं नाहीत, हे त्या तिसऱ्या सत्रात मैदानावर लिहिल्यासारखं दिसत होतं. सामना संपल्यावर सिमडेग्याची मुलगी आपल्या सहकाऱ्याला तेच सांगत होती, आता तिला त्यात सरांची चूक दिसत नव्हती.

त्याच संध्याकाळी राणी रामपालने निवृत्ती जाहीर केली. त्याच मैदानावर तिचा सत्कार झाला आणि तिची 28 क्रमांकाची जर्सीही निवृत्त केली गेली. शाहाबाद मार्कंडासारख्या गावात बलदेव सिंग नावाच्या प्रशिक्षकाने गरिबाघरच्या मुलींच्या हाती स्टिक दिली, त्यांतली ही एक. टोकियोत तिच्या नेतृत्वाखाली महिला संघ चौथा आला. तोवर ती स्वतः लहान मुलींना शिकवूही लागली होती. टाळ्या वाजवताना मला राणीसोबत ते बलदेव सिंगही दिसत होते, आणि पहाटे साडेपाचला टर्फवर उभे राहणारे त्या कॉलेजचे सरही.

आपल्याकडे प्रशिक्षकाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत, मैदानावर येऊन बघणारे थोडे. प्रशिक्षकावर टीका करायचा हक्क गॅलरीत बसून मिळवावा असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्याच्या वाचकांना पिंपरीत नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम जवळ आहे, मुंबईकरांना चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम, कोल्हापूरकरांना त्यांच्या गावातलं ध्यानचंद मैदान. दिल्लीत असाल तर कॅनॉट प्लेसच्या शिवाजी स्टेडियमवर नेहरू स्पर्धेचे सामने असतात. 1964 पासून चालत आलेल्या या स्पर्धेत शाळकरी मुलंही खेळतात. आपल्या गावच्या, आपल्या कॉलेजच्या पुढच्या सामन्याची तारीख विचारून घ्या, घरातल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला बरोबर घ्या आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत थांबा.